सायकेडेलिक औषधे आणि मनाचे आजार : विज्ञान काय म्हणते, आपण काय मागायचे?

गेल्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर युवकांची बैठक होती. विषय होता शिष्यवृत्तीचे अर्ज. बैठक संपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तरी एक मुलगा मागे थांबला. वय तेवीस. तीन वर्षांपासून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे, दोनदा पूर्वपरीक्षेतच अडकला. वर्षभर झोप नीट नाही. सरकारी रुग्णालयातून नैराश्याच्या गोळ्या सुरू आहेत. त्याने मोबाइल पुढे केला. एक परदेशी डॉक्टर सांगत होता की मशरूममधल्या एका द्रव्याच्या एकाच डोसाने वर्षानुवर्षांचे नैराश्य जाते. मुलाने विचारले, "ताई, हे खरं आहे का? मित्राच्या ओळखीत मिळतं म्हणे. मग मी या रोजच्या गोळ्या कशाला खाऊ?"

आम्ही वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचे काम करणारे काही कार्यकर्ते आहोत. त्या दिवशी आम्ही त्याला एवढेच सांगू शकलो की गोळ्या बंद करू नकोस, पुढच्या रविवारी भेट. मग आम्ही बसून या विषयावर जेवढे वाचता आले तेवढे वाचले. हा लेख म्हणजे त्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. पण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. असे व्हिडिओ आपल्या प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक अभ्यासिकेत पोचले आहेत. म्हणून हे उत्तर सगळ्यांसमोर मांडत आहोत.

ही द्रव्ये कोणती?

सायकेडेलिक म्हणजे जाणिवेत, विचारात आणि स्वतःच्या भानात काही तासांसाठी मोठा बदल घडवणारी द्रव्ये. 'मॅजिक मशरूम' म्हणतात त्या अळिंब्यांमधले सायलोसिबिन आणि प्रयोगशाळेत तयार होणारे एलएसडी ही त्यातली प्रमुख नावे. आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये एलएसडी बनवले. त्याचा मनावरचा परिणाम त्याला १९४३ मध्ये कळला. १९५८ मध्ये त्यानेच मशरूममधून सायलोसिबिन वेगळे काढले. एमडीएमए आणि केटामाइन यांची नावेही याच चर्चेत येतात, पण मेंदूत त्यांचे काम वेगळ्या रीतीने चालते.

इथेच एक सावधगिरीची सूचना. महाराष्ट्रात पोलीस 'एमडी' पकडल्याच्या बातम्या रोज येतात. ते एमडी म्हणजे मेफेड्रोन. उपचाराच्या संशोधनातले एमडीएमए ते नव्हे. नावातल्या साम्यामुळे कुणी 'हे तर डॉक्टरसुद्धा देतात' असे सांगत असेल, तर तो एकतर अज्ञानी आहे किंवा फसवतो आहे.

या इतिहासात एका बाईचे नाव आपण लक्षात ठेवायला हवे. मारिया साबिना. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातील वाउत्ला गावची माझातेक आदिवासी स्त्री. तिच्या समाजात हे मशरूम आजाऱ्याच्या उपचारासाठी रात्रीच्या विधीत वापरले जात. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा अमेरिकी बँकर तिच्या विधीत बसला आणि १९५७ मध्ये त्याने 'लाइफ' मासिकात त्यावर लेख लिहिला. मग परदेशी पाहुण्यांची रीघ लागली, पाठोपाठ पोलीस आले, गावकऱ्यांनी तिलाच दोष दिला, तिचे घर जाळले गेले. १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली. आज त्याच सायलोसिबिनवर शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्या उभ्या आहेत. ज्यांचे ज्ञान त्यांच्या वाट्याला धूळ आणि ज्यांच्याकडे भांडवल त्यांच्या नावावर शोध, हा हिशेब आपल्याला नवा नाही.

१९७० मध्ये अमेरिकेने या द्रव्यांना सर्वांत कडक बंदीच्या यादीत टाकले. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. भारतात १९८५ चा एनडीपीएस कायदा आला. संशोधन कित्येक वर्षे जवळजवळ थांबले. २००६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या गटाने सायलोसिबिनचा काटेकोर अभ्यास प्रसिद्ध केला आणि तिथून या विषयाला पुन्हा वेग आला.

मेंदूत नेमके काय होते?

सायलोसिबिन पोटात गेल्यावर त्याचे सायलोसिन होते. हे सायलोसिन सेरोटोनिन या रसायनासारखे दिसते. त्यामुळे मेंदूतल्या पेशींवर सेरोटोनिनसाठी जे रिसेप्टर असतात, त्यातल्या '५-एचटी-२ए' नावाच्या रिसेप्टरला ते जाऊन चिकटते. एलएसडीचेही मुख्य काम याच ठिकाणी होते. केटामाइन मात्र ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या वाटेने जाते.

पुढची गोष्ट समजायला 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' हे नाव माहीत हवे. आपण काही काम करत नसतो, नुसते बसलेले असतो, तेव्हाही मेंदूचे काही भाग एकमेकांशी बोलत असतात. मी कोण, माझे काय चुकले, लोक मला काय म्हणतील, उद्या काय होईल, हे विचार चालतात तेव्हा हे जाळे जागे असते. नैराश्यात माणूस याच विचारांत गोल गोल फिरतो. चिखलाच्या रस्त्यावर बैलगाडी एकदा चाकोरीत अडकली की बैल कितीही ओढोत, चाक त्याच खाचेतून जाते. नैराश्यातल्या मनाचे तसेच होते.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या रॉबिन कारहार्ट-हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना सायलोसिबिन टोचून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. मेंदू जास्त पेटून उठेल अशी अनेकांची अटकळ होती. झाले उलटे. या जाळ्याच्या मुख्य केंद्रांतला रक्तप्रवाह कमी झाला. २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा अभ्यास आला. त्यात सातच माणसे होती, पण प्रत्येकाचे स्कॅन पुन्हा पुन्हा घेतले होते. औषधाच्या अमलाखाली मेंदूच्या जाळ्यांचा नेहमीचा ताल विस्कटला. नंतर बहुतेक गोष्टी मूळपदावर आल्या. मात्र स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या भागाचा या जाळ्याशी असलेला दुवा काही आठवडे सैल राहिला.

उंदरांवरही काम झाले आहे. येल विद्यापीठातल्या २०२१ च्या अभ्यासात सायलोसिबिनच्या एका डोसानंतर उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील चेतापेशींवरचे सूक्ष्म काटे, म्हणजे जिथे एक पेशी दुसरीशी जोडली जाते त्या जागा, संख्येने आणि आकाराने सुमारे १० टक्क्यांनी वाढल्या. त्यातल्या काही महिन्यानंतरही टिकून होत्या.

यावरून शास्त्रज्ञांचा अंदाज असा की औषधामुळे चाकोरी काही काळ सैल होते आणि त्या काळात मनाला नवी वाट धरता येते. अंदाज पटण्यासारखा आहे. पण तो अंदाजच आहे. सात माणसांच्या स्कॅनमधून आणि उंदराच्या पेशींमधून थेट माणसाच्या बरे होण्यापर्यंत उडी मारता येत नाही. उंदराला निकालाची यादी पाहायची नसते. वसतिगृहात त्याला कुणी आडनाव विचारत नाही.

रुग्णांवरच्या चाचण्या काय सांगतात?

व्हिडिओतला डॉक्टर अर्धे सांगत होता. उरलेले अर्धे आपण पाहू.

२०२१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ५९ रुग्णांवरची चाचणी आली. एका गटाला सायलोसिबिनचे दोन डोस, दुसऱ्याला सहा आठवडे एस्सिटालोप्राम, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयातही मिळते तशी नेहमीची गोळी. मानसिक आधार दोन्ही गटांना. सहा आठवड्यांनी नैराश्याच्या मुख्य मोजपट्टीवर दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. काही दुय्यम मोजमापांत सायलोसिबिनचा गट पुढे होता, पण मुख्य प्रश्नाचे उत्तर बरोबरीचे होते.

२०२२ मध्ये त्याच नियतकालिकात २३३ रुग्णांची चाचणी आली. हे सगळे रुग्ण इतर औषधांनी बरे न झालेले. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमचा डोस घेतलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना चांगला फरक पडला. नावापुरता १ मिलिग्रॅम डोस घेतलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. फरक खरा आहे. पण बारा आठवडे टिकलेला फायदा पाहिला तर आकडे २० आणि १० टक्के झाले. म्हणजे मोठा डोस घेतलेल्या दर पाच जणांत एकाला टिकाऊ फायदा. शिवाय डोकेदुखी, मळमळ यांसारखे त्रास बहुतेकांना झाले आणि आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याच्या घटना तिन्ही गटांत नोंदल्या गेल्या.

जून २०२५ मध्ये त्याच कंपनीने तिसऱ्या टप्प्यातील पहिल्या चाचणीचा निकाल जाहीर केला. २५८ रुग्ण, सहा आठवडे. औषध नसलेली गोळी घेतलेल्यांपेक्षा सायलोसिबिन घेतलेल्यांचा नैराश्याचा गुणांक सरासरी ३.६ अंकांनी जास्त उतरला. मोजपट्टी ६० अंकांची आहे. उपयोग आहे, चमत्कार नाही.

एमडीएमएचे प्रकरण आणखी बोलके आहे. आघातानंतरच्या मानसिक आजारासाठी एमडीएमए वापरण्याचा प्रस्ताव अमेरिकेच्या औषध प्रशासनापुढे गेला. जून २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीने मोठ्या बहुमताने विरोधात मत दिले आणि ऑगस्टमध्ये प्रशासनाने मंजुरी नाकारून नव्याने चाचणी करायला सांगितले. एक अडचण अशी की अशा औषधात कुणाला खरे मिळाले हे लपतच नाही. घेतलेल्याला तासाभरात कळते. ज्याला मिळाले नाही तो निराश होतो, ज्याला मिळाले त्याची आशा वाढते, आणि आकड्यांमध्ये औषध किती आणि आशा किती हे वेगळे काढता येत नाही. दुसरी अडचण नीतीची. कॅनडातल्या एका आधीच्या चाचणीत उपचारकांनी औषधाच्या अमलाखालील महिलेशी अनुचित वर्तन केल्याचे चित्रीकरणातून उघड झाले होते. २०२४ मध्येच एका नियतकालिकाने या संशोधनातले तीन लेख मागे घेतले.

औषध एकटे नसते

या सगळ्या चाचण्यांत एक गोष्ट समान आहे आणि व्हिडिओत ती कधी दाखवत नाहीत. रुग्णाच्या हातात गोळी ठेवून त्याला घरी पाठवत नाहीत. आधी काही भेटी होतात. त्याचे आयुष्य विचारले जाते, भीती विचारली जाते. औषधाच्या दिवशी सहा ते आठ तास प्रशिक्षित माणसे, अनेक चाचण्यांत दोघे, त्याच्या शेजारी बसून असतात. नंतर पुन्हा बैठका होतात आणि त्या अनुभवाचा अर्थ त्याच्याबरोबर लावला जातो.

मनात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराची शक्यता असलेल्यांना, घरात जवळच्या कुणाला तो आजार असलेल्यांना आधीच वगळतात, कारण त्यांचा आजार उफाळू शकतो. लिथियम घेणाऱ्यांनी ही द्रव्ये घेतल्यावर फेफरे आल्याच्या नोंदी आहेत. आणि 'गोळ्या बंद केल्या' हे जे व्हिडिओत ऐकू येते, त्याचा अर्थ असा की अनेक चाचण्यांमध्ये आधीच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी केल्या जातात. मनाने एका रात्रीत सोडलेल्या नसतात. आपल्या त्या मुलाने ऐकले होते ते वाक्य खरे होते, पण अर्धे होते. अर्धे वाक्य जीव घेऊ शकते.

आता स्वतःला एक प्रश्न विचारू. आपल्या वस्तीतल्या नैराश्याने ग्रासलेल्या माणसाशेजारी आजवर सलग आठ तास कोण बसले आहे? आठ तास सोडा, सरकारी ओपीडीत त्याला आठ मिनिटे मिळतात का?

आमचे म्हणणे या प्रश्नाभोवतीच आहे. सायकेडेलिक संशोधनातून जगाला एखादे चांगले औषध मिळेलही. पण त्याच संशोधनाने एक जुनी गोष्ट पुन्हा दाखवली आहे. दुखावलेल्या मनाला वेळ देणारा, न घाबरवता ऐकणारा, प्रशिक्षित माणूस लागतो. तो माणूस मिळवण्यासाठी आपल्याला परदेशी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

याचा पुरावा शेजारी गोव्यातच आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांबरोबर १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत चाचणी केली. ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. स्थानिक माणसे निवडून, शिकवून तयार केली होती. सहा ते आठ बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे रुग्ण आणि सायलोसिबिनच्या चाचणीतले, औषधांना दाद न देणारे रुग्ण वेगळे आहेत. त्यामुळे आकडे शेजारी ठेवून कोण जिंकले असे म्हणता येणार नाही. पण आपल्या वस्तीतली ताई, शिकवली तर, एखाद्याला खड्ड्यातून वर काढू शकते हे यातून नक्की कळते.

चाचणीत कोण होते, कोण नव्हते?

१९९३ ते २०१७ या काळातल्या १८ सायकेडेलिक अभ्यासांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २८२ सहभागींपैकी ८२ टक्के गोरे होते. हे दाखवून देणाऱ्या संशोधकांपैकी मोनिका विल्यम्स या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ वंशभेदातून होणाऱ्या मानसिक आघातावर काम करतात. त्यांचा प्रश्न साधा आहे. ज्याला आयुष्यभर पोलिसांची, दवाखान्याची, गोऱ्या अधिकाऱ्याची भीती वाटत आली, तो औषधाच्या अमलाखाली अनोळखी गोऱ्या उपचारकासमोर निर्धास्त कसा पडून राहील?

हा प्रश्न आपल्याकडे जातीचा होतो. या औषधांचा अनुभव भोवतालच्या वातावरणावर आणि मनातल्या विश्वासावर फार अवलंबून असतो, हे सगळे संशोधक मान्य करतात. मग उपचारकाच्या मनात जात असेल तर? रुग्ण अपमानाची आठवण सांगू लागला आणि समोरचा म्हणाला, "आता कुठे राहिली जात?" तर? भानावर असलेला माणूस उठून जाऊ शकतो. औषधाच्या अमलाखाली असलेला जाऊ शकत नाही. कॅनडातल्या प्रकरणाने दाखवले की त्या खोलीत सत्ता कुणाच्या हातात असते.

रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांची नावे आपण विसरलेलो नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक १,७६४ महाराष्ट्रातल्या. या प्रत्येक मृत्यूचे कारण एकच नसते आणि ते सगळे जातीत शोधणेही चूक आहे. पण ज्याच्या दुःखाला समाजातले कारण आहे, त्याला नुसते 'तुझे सेरोटोनिन बिघडले' असे सांगणे म्हणजे आरोपीला सोडून फिर्यादीला औषध देणे आहे. मेंदूविज्ञान खोटे नाही. अपमानसुद्धा मेंदूतच साठतो. पण तो मेंदूत जन्मत नाही.

पाचवे शील आणि 'मी'चे विरघळणे

आपल्या युवकांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो. आपण पंचशील घेतले, बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली. मग उद्या असे औषध मंजूर झाले तर ते घेणे शीलभंग ठरेल का?

आमची समज अशी. पाचव्या शिलाच्या मुळाशी प्रमाद आहे, म्हणजे बेहोशी, बेसावधपणा. विनयपिटकात भिक्खू सागताची कथा येते. लोकांनी आदराने पाजलेल्या मद्याने तो नगराच्या वेशीजवळ पडला आणि भिक्खूंसाठी मद्याचा नियम झाला. त्याच विनयात आजारी भिक्खूसाठी तेलात थोडे मद्य मिसळून औषध करायला परवानगीही आहे. अट अशी की मद्याचा रंग, वास, चव त्यात कळू नये. म्हणजे औषध आणि नशा यांतली रेषा तेव्हाही ओढलेली होती. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल घेतल्याने कुणाचे शील मोडत नाही. आजाराचे निदान, तज्ज्ञाची देखरेख आणि बरे होण्याचा हेतू असेल तर ते औषध. मित्राच्या ओळखीने, पार्टीत किंवा खोलीचे दार लावून घेतलेले 'स्टॅम्प' किंवा मशरूम हा प्रमाद. 'मी स्वतःवर उपचार करतोय' असे म्हटल्याने तो बदलत नाही.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. या औषधांखाली 'मी'पण विरघळते, असे अनेकजण सांगतात. मग परदेशातले काही लेखक लगेच म्हणतात, हाच तर बुद्धाचा अनात्म! झ्युरिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ध्यानशिबिरातल्या अनुभवी साधकांना सायलोसिबिन देऊन अभ्यासही केला. त्यांचे ध्यान अधिक खोल झाल्याचे त्यांनी सांगितले. ते अनुभव आम्ही नाकारत नाही. पण अनात्म ही काही तासांत येऊन जाणारी घटना नाही. ती सजगतेने, शिलाच्या आधाराने, रोजच्या वागण्यातून येणारी समज आहे. तास संपल्यावर शेजाऱ्याशी आपण कसे वागतो, यावर तिची परीक्षा होते.

आणि आपल्या समाजाला 'मी विरघळवा' असा उपदेश करताना दहादा विचार करायला हवा. ज्यांच्या 'मी'ला पिढ्यान्पिढ्या उभेच राहू दिले नाही, त्यांना बाबासाहेबांनी आधी स्वाभिमान दिला. अहंकार सोडणे वेगळे आणि आधीच ठेचलेला स्वाभिमान सोडणे वेगळे. उपचाराच्या खोलीत हा फरक कळणारा माणूस नसेल तर औषध कितीही चांगले असो, ते घाव वाढवू शकते.

आपल्याकडची परिस्थिती

भारतात सायलोसिबिन, एलएसडी आणि एमडीएमए एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत. एलएसडी ०.१ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग सापडला तरी ते व्यापारी प्रमाण ठरते आणि शिक्षा दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन आदेशात मशरूम ही नैसर्गिक बुरशी आहे, तिला द्रव्याचे मिश्रण म्हणता येणार नाही असे मत दिले. पण त्यावरून मशरूम कायदेशीर झाले असे कुणी समजू नये. सायलोसिबिन यादीत आहेच. आणि पकडले कोण जाते हे आपल्याला ठाऊक आहे. देशाच्या तुरुंगांत दर पाच कैद्यांमागे साधारण एक अनुसूचित जातीचा आहे, लोकसंख्येतला वाटा मात्र १६.६ टक्के. श्रीमंताच्या मुलासाठी जो 'प्रयोग' असतो, तो आपल्या मुलासाठी गुन्ह्याची नोंद होतो. मग सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी आली की आयुष्यभराची अडचण.

याच चर्चेतले केटामाइन मात्र भारतात भूल देण्यासाठी कायदेशीर आहे आणि काही मनोविकारतज्ज्ञ कठीण नैराश्यात रुग्णालयात, देखरेखीखाली ते वापरतात. ज्याला इतर औषधांनी गुण आला नाही त्याने हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा, मित्राला नाही.

बाकी चित्र काय आहे? निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचे आढळले. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे आपल्या राज्याचे चित्र त्यात मोजलेलेच नाही. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक नागरिकाला जात, धर्म, वर्ग असा भेद न करता मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला. हक्क कागदावर आहे. तो मागणारे आपण हवेत.

मग आपण काय मागायचे?

१. समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात आणि मोठ्या अभ्यासिकांच्या परिसरात नियमित येणारा समुपदेशक. संध्याकाळी उपलब्ध असणारा, जातीच्या अनुभवाबद्दल ऐकायला शिकलेला.

२. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात वस्तीतल्याच तरुण-तरुणींना गोव्यासारखे प्रशिक्षण आणि योग्य मानधन. फुकटची समाजसेवा नको.

३. उद्या भारतात सायकेडेलिक उपचारांच्या चाचण्या झाल्या तर त्यात आपल्या समाजाचे रुग्ण असावेत. पण संमतीपत्र समजेल अशा मराठीत हवे, खोलीत एकाहून अधिक उपचारक हवेत, स्वतंत्र तक्रार यंत्रणा हवी. आपण चाचणीचा कच्चा माल होणार नाही आणि चाचणीतून बाहेरही राहणार नाही.

४. व्यसनात अडकलेल्यांना तुरुंगाऐवजी उपचार. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. ही तरतूद आपल्या वस्तीत किती जणांना माहीत आहे?

आणि स्वतःसाठी एवढे पाळू. चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगायचे, गोळी बदलता येते. रात्री मन फार जड झाले तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येते. आणि एखादा मित्र मागे थांबून काही विचारत असेल तर घाई असली तरी थांबायचे.

तो मुलगा पुढच्या रविवारी आला. आम्ही हे सगळे त्याला सांगितले नाही, एवढे कोण ऐकून घेईल? त्याने अर्धा तास स्वतःबद्दलच सांगितले, आम्ही ऐकले. सोमवारी आमच्यातले दोघे त्याच्याबरोबर ओपीडीत गेले. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि दिवसभर झापड येते, म्हणून त्या सोडाव्याशा वाटतात, हे त्याने डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगितले. डॉक्टरांनी गोळीची वेळ आणि मात्रा बदलली. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचे आहे. या वेळी त्याच्याबरोबर वसतिगृहातला त्याचा मित्र जाणार आहे, मशरूम मिळवून देतो म्हणणारा तोच.

जय भीम! नमो बुद्धाय!